वहिनीची वेगळी डेचकी

आम्ही पाडा सोडला त्या सकाळी जीप वडाखाली उभी होती. टपावर ट्रंक, गोधड्यांची वळकटी आणि माझ्या पुस्तकांचं खोकं. पुढच्या सीटवर माझी बायको लक्ष्मी, तिच्या मांडीवर आमची सात वर्षांची सुमन. ड्रायव्हरने इंजिन चालूच ठेवलं होतं म्हणून सुमनने दोन्ही कान हातांनी घट्ट दाबून धरले होते. निरोपाला निम्मा पाडा आला होता. माझी थोरली वहिनी, जानकी, त्यांच्यात नव्हती. ती लांब कुंपणापाशी फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन उभी होती. पुढे यावं की नाही हे तिला कळत नव्हतं, कारण महिनाभर कोणी तिच्याजवळ गेलं नव्हतं. गाठोड्यात जुना तांदूळ होता, माझ्या मुलीसाठी राखलेला. हे मला न उघडता माहीत होतं. लक्ष्मी म्हणाली, "अहो, थांबा ना. जाऊबाई काहीतरी द्यायला आल्यात."

मी ड्रायव्हरला म्हणालो, "चल."

मोखाडा मागे पडला. जव्हारच्या स्टँडवर जीप सोडून एसटी धरली, मग विक्रमगड, मनोर, आणि दुपारी बोईसर. बदलीचा अर्ज मी स्वतःच केला होता, पण पाड्यावर सांगितलं होतं की वरून ऑर्डर आली.

माझं वय आता शहात्तर आहे. पाड्यावर राहिलेल्या आणि पाडा सोडून नाशिक, भिवंडी, बोईसरला पांगलेल्या माझ्या भावकीसाठी हे लिहितो आहे. तुम्ही सगळ्यांनी एक गोष्ट ऐकलेली आहे. जानकीने गुरुजींच्या पोरीच्या जेवणात काहीतरी घातलं, पोरीचं खाणं बंद पडलं, म्हणून गुरुजी गाव सोडून गेले. ही गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं.

सुमन लहानपणापासून मोजकंच खायची. नाचणीची भाकरी, तीही डाग न पडलेली. मोकळा भात, वर मीठ. उकडलेलं रताळं. बस्स. भाताला आमटीचा थेंब लागला तरी ताट सरकवायची. भाकरी मोडून दिली तर रडायची, अख्खी दिली तर खायची. माझी आई म्हणायची, "मास्तरची पोर हाय, नखरे करणारच." मी पाच खेड्यांतल्या पोरांना शिस्त लावलेला मास्तर. माझ्या घरात असं चालतं याची मला लाज वाटायची.

वहिनीला वाटायची नाही. आमची चूल एकच होती आणि स्वयंपाक बहुतेक वहिनीच करायची. तिने एक छोटी डेचकी सुमनसाठी बाजूला काढली होती. एकदा मी विचारलं, हे वेगळं प्रकरण कशाला? ती म्हणाली, "भावजी, नव्या तांदळाचा भात चिकट होतो, त्याला वास पण येतो. आपल्याला नाय येत, तिला येतो. मी गेल्या सालचा तांदूळ राखून ठेवलाय. मोठ्या भांड्याला कालवणाचा वास असतो, म्हणून डेचकी येगळी." मी म्हणालो, "असे लाड केले तर ती कधीच सुधारायची नाही." ती हसली आणि म्हणाली, "खाते ना? मग झालं." या एवढ्या बोलण्याला तिसरं कोणी हजर नव्हतं. हे लक्षात ठेवा.

शहरात जन्मलेल्या नातवंडांना नवं म्हणजे काय ते सांगायला हवं. शेतात नवा भात तयार झाला तरी आपल्याकडे कोणी लगेच खात नाही. ठरलेल्या दिवशी भावकी एकत्र येते, नवा भात शिजतो, देवाला आणि वाडवडिलांना दाखवला जातो आणि मग सगळे एका पंगतीला बसून तो खातात. त्या दिवशी कोणी पानावरून उठलं तर वाडवडिलांनी तोंड फिरवलं असं मानतात.

आधीच्या वर्षांत सुमनच्या पानात वहिनी गुपचूप जुना भात वाढायची. त्या वर्षी मात्र पंगतीत सुमन माझ्या शेजारी बसली आणि वाढणारी बाई दुसरी होती. पानात नवा भात पडला. सुमनने त्याचा वास घेतला आणि हात मागे घेतले. समोरून कोणीतरी म्हणालं, "गुरुजी, शाळा सगळ्या गावाला, आणि घरात?" लोक हसले. आज वाटतं, साधी थट्टा होती. तेव्हा माझं डोकं फिरलं. मी एका हाताने तिचं नाक दाबलं, आणि तिने श्वासासाठी तोंड उघडलं तसा दुसऱ्या हाताने घास आत कोंबला. मग दुसरा. ती ओरडू शकत नव्हती. तिचे पाय जमिनीवर आपटत होते. वहिनी लांबून ओरडली, "भावजी, सोडा तिला!" मी सोडलं तेव्हा सुमनने देवासमोरच उलटी केली आणि तिची शुद्ध गेली.

त्यानंतर ती भातच खाईना. जुना नाही, नवा नाही. डेचकीतलाही नाही. काही दिवस नुसत्या रताळ्यावर काढले. पोर वाळायला लागली तशी पाड्यावर कुजबूज सुरू झाली. भगताला बोलावलं. त्याने सुपात दाणे टाकून बघितले आणि विचारलं, "या पोरीचं रांधणं येगळं कोण करतं?"

सगळ्यांच्या माना वहिनीकडे वळल्या.

दुसऱ्या दिवशी पंच जमले. वहिनी एका बाजूला बसली होती, माझा भाऊ खाली मान घालून तिच्यामागे. तिने सांगितलं की डेचकीत जुना तांदूळ असतो आणि ते भावजींना माहीत आहे. मग पंचांपैकी सर्वांत वयस्कर माणूस माझ्याकडे वळला. "गुरुजी, तुमी शिकलेले. तुमी सांगाल ते आमी मानू. ही काय म्हणते ते खरं हाय का?"

खरं सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता: मग पोर अशी झाली कशाने? त्याचं उत्तर माझे दोन हात होते. शिवाय माझ्या मुलीत काहीतरी वेगळं आहे हे चारचौघांत कबूल करावं लागलं असतं. मला गुरुजी म्हणणारी ही माणसं उद्या काय म्हणतील, एवढाच विचार तेव्हा डोक्यात होता.

मी म्हणालो, "चुलीपाशी बायका काय करतात, मला काय ठाऊक."

वहिनीने माझ्याकडे बघितलं. नुसती बघत राहिली.

तिला कोणी मारलं नाही, गावाबाहेर काढलं नाही. यावर मी बरीच वर्षं स्वतःची समजूत घातली. पण आपल्याकडे लग्न असलं की पाड्यातल्या बाया चुलीवर जमतात. एक तांदूळ निवडते, एक भाकऱ्या थापते, गाणी चालतात. त्या चुलीवर वहिनीला पुन्हा कोणी बोलावलं नाही. तिच्या हातचं कोणी घेईना. पोरं तिच्या अंगणातून जाताना पळत जायची. तिच्या मुलाची, बाळूची, सोयरीक दोनदा मोडली. शेवटी तो नाशिककडे गेला आणि तिकडचाच झाला. माझा भाऊ वारला तेव्हा दहाव्याचा स्वयंपाक दुसऱ्या घरी झाला. मी त्या जेवणाला बसलो होतो आणि जेवलोही होतो.

बोईसरला आम्हाला कंपन्यांच्या मागच्या बाजूला खोली मिळाली. वाऱ्याबरोबर केमिकलचा वास यायचा आणि शेजारी सुकट भाजली जायची. सुमन दिवसभर ओढणी नाकाला लावून बसायची. नाचणीची भाकरी सुटली, कारण इथल्या पिठाला वेगळा वास होता. ती ग्लुकोज बिस्किटांवर आली, तीही एकाच कंपनीची. डॉक्टरने टॉनिक दिलं. मी ठरवलं की बिस्किटं बंद करायची, भूक लागली की खाईल. तिसऱ्या दिवशी तिला सलाईन लावावं लागलं. दवाखान्याच्या बाकावर लक्ष्मी मला म्हणाली, "मास्तरकी शाळेत करा. पुन्हा हिच्या ताटाला हात लावलात तर मी हिला घेऊन जाईन." ती कुठे जाणार होती? ज्या घरी सुमन पोटभर जेवत होती ते घर मीच बंद केलं होतं.

त्यानंतर तिच्या खाण्यात मी लक्ष घातलं नाही. सुमन मोठी झाली, शिकली. आता एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगच्या तपासणीत आहे. गोळीच्या रंगातला जरासा फरक जो इतरांना दिसत नाही, तो तिला दिसतो. डब्यात वर्षानुवर्षं तेच: टोस्ट, बिस्किटं, उकडलेले बटाटे. कँटीनमध्ये बायका चेष्टा करायच्या, "सुमनताईंचा उपास कधी सुटणार?" अशक्तपणाने एकदा ती लाइनवरच पडली, तेव्हा कंपनीच्या डॉक्टरबाईंनी तिला ठाण्याच्या तज्ज्ञांकडे पाठवलं. दोन-तीन खेपा झाल्या. मग त्यांनी ऑटिझम हा शब्द सांगितला. चव, वास, घासाचा स्पर्श, हे सगळं हिच्यापर्यंत आपल्यापेक्षा फार मोठं होऊन पोचतं, असं त्यांनी समजावलं. लहानपणी कोणी जबरदस्तीने भरवलं होतं का, असंही विचारलं. सुमन म्हणाली, "हो. बाबांनी." जसं कोणी पत्ता सांगावा तसं.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "म्हणजे मी हट्टी नव्हते." तेव्हा ती सदतीस वर्षांची होती.

पुढे तिने जे केलं ते तिने केलं, मी नाही. आमच्या बिल्डिंगमधली माणसं मला म्हणतात, तुम्ही मुलीसाठी किती कष्ट घेतलेत. म्हणून हेही इथे लिहून ठेवतो. तज्ज्ञांनी वाट सांगितली, चालली ती. एका वेळी एकच पदार्थ. पहिले काही दिवस तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नुसता ठेवायचा. मग जवळ. मग बोट लावायचं, वास घ्यायचा, ओठाला लावायचा. शेजारी एक रिकामी वाटी, थुंकण्यासाठी. ही वाटी तिला सगळ्यात महत्त्वाची होती. थुंकता येतं हे नक्की असलं की तोंडात घालायची भीती कमी होते, असं ती म्हणायची. पहिलं केळं खायला तिला तीन महिने लागले. काही गोष्टी सहा-सहा महिने करूनही जमल्या नाहीत आणि तिने सोडून दिल्या. त्याचं तिला वाईट वाटत नाही.

एक अट होती. ती प्रयत्न करत असताना मी घरात थांबायचं नाही. "तुम्ही बघितलंत की घसा बंद होतो," ती म्हणाली. मी खाली जिन्याच्या पायरीवर जाऊन बसायचो. लक्ष्मी त्याआधीच वारली होती, त्यामुळे वर सुमन एकटी. आत माझी मुलगी केळ्याच्या एका तुकड्याशी झगडते आहे आणि मी जवळ नसणं हीच तिला माझी मदत आहे, हे पायरीवर बसून पचवायला मला फार दिवस लागले.

एकदा वरण-भात जमला. त्या दिवशी तिने मला वर बोलावलं आणि माझ्यासमोर चार घास खाल्ले. मग म्हणाली, "मोठ्या आईच्या डेचकीतला भात असाच मोकळा असायचा. ती कधी विचारायची नाही, का खात नाहीस म्हणून. कशी आहे ती?"

मी तिला सगळं सांगितलं. भगत, पंच, माझं उत्तर.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तरी तुम्ही माहीत नाही म्हणालात."

"मी त्या वेळी घाबरलो होतो, बाळा..."

"घाबरला होतात हे वेगळं. आधी हो की नाही सांगा."

"हो. खोटं बोललो."

ती उठून ताट धुवायला गेली. चार दिवस माझ्याशी बोलली नाही.

मग मला एक युक्ती सुचली. या वर्षीच्या नव्याला सुमनला घेऊन पाड्यावर जायचं. भावकीसमोर तिने वहिनीच्या हातचा भात खायचा. इतक्या वर्षांचा कलंक एका घासात धुऊन निघेल. मी मोठ्या उत्साहाने तिला सांगितलं. पाड्यावरच्या त्या पंगतीत झाला होता तसा तिचा चेहरा झाला.

"नाही," ती म्हणाली. "पंगतीत मला सगळ्यांसमोर तुम्ही एकदा खायला लावलंत. परत नको. मोठ्या आईला भेटायला मी येईन, पण कोणाला दाखवायला जेवणार नाही. तुम्ही बोलला होतात, तुम्हीच बोला."

मला राग आला, हे लपवत नाही. एवढं केलं असतं तर काय बिघडलं असतं, असं वाटलं. मग लक्षात आलं की तिचं तोंड मी पुन्हा माझ्या अब्रूसाठी वापरायला निघालो होतो.

मी एकटा गेलो. पाड्याचा रस्ता आता सिमेंटचा आहे. भगत केव्हाच वारला, त्याचा मुलगा टेम्पो चालवतो. नव्याच्या जागी माणसं जमली होती. वहिनी एका कडेला बसून पत्रावळी नीट रचत होती. नंतर कळलं, इतकी वर्षं नव्याला तिच्याकडून फक्त पत्रावळी घेतात. पानं चालतात, तिने शिजवलेलं चालत नाही.

वाढप सुरू होण्याआधी मी उभा राहिलो. चाळीस वर्षं वर्गात बोललेला माणूस, पण पहिलंच वाक्य दोनदा सुरू करावं लागलं. शेवटी बोललो. नाक दाबलं ते सांगितलं. जुना तांदूळ, डेचकी, चुलीपाशी झालेलं बोलणं, पंचांपुढचं माझं उत्तर, सगळं सांगितलं. सुमनच्या आजाराला काय म्हणतात असं कोणी विचारलं, तेव्हा हा आजार नाही, तिची घडणच तशी आहे, आणि ती जन्मापासून आहे, हेही सांगितलं. जानकीने माझी मुलगी जगवली आणि मी जानकीला बुडवलं, असं म्हणालो.

मागून एक तरुण सून म्हणाली, "पेन्शन खाऊन पोट भरल्यावर आठवलं काय गुरुजी?" कोणीतरी तिला गप्प केलं. तिला गप्प करायला नको होतं. एक म्हातारा पुटपुटला, "झालं गेलं. देवाच्या दिवशी कशाला उकरता?" मी म्हणालो, "देवाच्या दिवशीच झालं होतं."

वहिनी उठली नाही. बसल्या जागेवरून म्हणाली, "हे मला तेव्हा पायजे होतं, भावजी. तेव्हा माझे हात चालत होते."

तिची बोटं आता वाकडी झाली आहेत. पळीसुद्धा नीट धरता येत नाही. हे मला त्याआधी दिसलं नव्हतं.

चुलीजवळची एक बाई घाईने पुढे आली. "ये गं जानके. आज भात तू वाढ. तुझ्याच हातचा घेऊ सगळी."

"नाय," वहिनी म्हणाली. "मला आता नाय वाढायचं. मला बसून खायचंय. तुमी वाढा."

ती पंगतीच्या मधोमध जाऊन बसली. दोन्ही बाजूंच्या बायांनी सरकून तिला जागा करून दिली. तिला आधी वाढलं. ती सावकाश जेवली, दोनदा भात मागून घेतला. ती जेवेपर्यंत मी पानाला हात लावला नाही.

जाताना मी तिच्या घरी येऊ का विचारलं. "आत नको," ती म्हणाली. "अंगणात बसा." मी बसलो. मग तिने विचारलं, "पोर काय खाते आता?" मी सांगत गेलो. वरण-भात, केळं, मऊ पोळी, दुधी, मेथी.

"मेथी? कडू नाय लागत तिला?"

"लागते. तिला कडूच आवडतं असं निघालं."

वहिनी हसली. मग पुन्हा गंभीर झाली. "कोणी भरवत नाय ना तिला आता?"

"नाही. तिची ती खाते."

तिने पदराने डोळे पुसले. माझ्यासाठी नाही, हे मला कळत होतं. ती म्हणाली, "तिला पाठवा. तुमी नाय आलात तरी चालंल."

बाळू, नाशिकला हे तुझ्यापर्यंत पोचलं तर तुझ्या सासरच्यांना वाचून दाखव. बाकीच्यांनो, ती खोटी गोष्ट तुम्ही जिथे जिथे नेलीत तिथे हीसुद्धा न्या. ती गोष्ट तुमच्याबरोबर गाव सोडून गेली, म्हणून पाड्यावर बोलून माझं काम संपत नाही.

बोईसरला मी छत्तीस वर्षं राहतो आहे आणि कोणी विचारलं की गाव कुठलं, तर मोखाड्याकडचं नाव सांगतो. ते सांगताना पूर्वी मला घर डोळ्यांसमोर यायचं, चूल, वड, माझं गुरुजीपण. आता एक अंगण येतं, जिथे मला बसू दिलं गेलं आणि आत बोलावलं गेलं नाही. हेही योग्यच आहे. वहिनीचा निरोप मी सुमनला शब्द न बदलता सांगितला. शेवटचं वाक्यही गाळलं नाही. तिने दिवाळीच्या सुट्टीतले चार दिवस मागून घेतले आहेत. एकटीच जाणार आहे.